देखाव्यात दडलेलं फार्महाऊस

देखाव्यातलं फार्महाऊस सगळ्यांत आधी सापडलं ते सिंधुबाईंना. सापडल्याचा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी काचेवर टकटक करून आतल्या फायबरच्या लांडग्यालासुद्धा ते दाखवलं.

"आवं सर, ह्ये बगा की! ह्ये आमचंच फार्महाऊस न्हवं का?"

बुद्धघोष सोनवणे हातातली फुलझाडाची कुंडी तिथेच ठेवून धावत आला. सिंधुबाई संस्थेचे अध्यक्ष विजयसिंहराव, म्हणजे सगळ्यांचे आबासाहेब, यांच्या पत्नी. त्यांनी हाक मारली की हातातलं टाकून धावायचं, हा कॉलेजचा अलिखित नियम होता. बुद्धघोष प्राणिशास्त्र शिकवायचा, तेही कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर. त्यामुळे तो इतरांपेक्षा जरा जोरात धावायचा.

त्याने काचेला नाक लावलं. समोर त्याच्या दोन वर्षांच्या कष्टाचं माळरान पसरलेलं होतं. पुढे खरी माती, खरे गोटे, वाळलेलं गवत. त्यात उभा चिंकारा, जरा मागे लांडगा, बाजूला खोकड. त्यांच्या मागे अर्धगोल भिंतीवर रंगवलेला माळ असा काही मिसळून गेला होता की जमीन कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं ते कळू नये. आणि त्या चित्रात, पार क्षितिजापाशी, नखाएवढं लाल छप्पर होतं. छपराखाली पांढरी भिंत होती. भिंतीशेजारी पाण्याची काळी टाकीही होती.

हे छप्पर बुद्धघोषने याआधीही पाहिलं होतं, पण तो त्याला फुललेला पळस समजला होता.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना एक भव्य कमान लागते. तिच्या मानाने आतलं कॉलेज फारच लहान आहे, पण कमानीवर आबासाहेबांच्या वडिलांचं नाव असल्यामुळे ती लहान बांधणं शक्य नव्हतं. कॉलेजात प्राणी-संग्रहालय काढायची कल्पना आबासाहेबांची. ते शेतीच्या अभ्यासदौऱ्यावर परदेशी गेले असताना पाऊस लागला, म्हणून एका इमारतीत शिरले. ती इमारत म्युझियम निघाली. तिथे काचेमागे पेंढा भरलेले प्राणी आपापल्या रानात उभे पाहून ते भारावले, आणि परत आल्यावर त्यांनी बुद्धघोषला बोलावून सांगितलं, "सर, आपल्याकडं बी असलंच पायजे. तेवढं म्युझियम हू द्या, मग तुमच्या पर्मनंटचं बगू."

'बघू' या शब्दावर बुद्धघोषने दोन वर्षं काढली. प्राणी फायबरचे करून घेतले, गोटे स्वतः वेचून आणले. मागचं चित्र काढायला इंदापूरची शबीना तांबोळी आली. ती पुण्याला चित्रकला शिकून आलेली. तालुक्यातल्या निम्म्या शाळांच्या भिंतींवर तिचे वाघ, सिंह आणि पाढे होते. बुद्धघोषने तिला एकच अट घातली होती, "जसं दिसतं तसंच काढायचं. मनानं एक काडीसुद्धा घालायची नाही." मग ती कळसच्या माळावर गेली, फोटो काढून आली, आणि तिने खरोखरच मनाने एक काडी घातली नाही.

दडवादडवीची कल्पना मात्र बुद्धघोषची. मोठ्या म्युझियममधले कलाकार म्हणे देखाव्यात मुद्दाम काहीबाही लपवून ठेवतात, म्हणजे बघणारा चार घटका थांबतो. त्यानेही गोट्यांमध्ये टिटवीची अंडी ठेवली, गवतात अंग चोरून बसलेलं पाडस ठेवलं, कपारीत घोरपड ठेवली. बाहेर पाटी लावली : 'या देखाव्यात काही गोष्टी दडलेल्या आहेत. शोधा बघू!'

किती गोष्टी ते पाटीवर लिहायचं राहून गेलं. तिथेच सगळा घोटाळा झाला.

सिंधुबाईंनी बचत गटाच्या बायका बोलावल्या. बायकांनी अंडी, पाडस, घोरपड यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या फार्महाऊस बघायला आल्या होत्या. एकीने टाकी ओळखली, दुसरीने अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली साडी ओळखली. साडी म्हणजे पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता, पण सिंधुबाई म्हणाल्या, "व्हय, ती माजीच. औंदा पाडव्याला घेतलेली." संध्याकाळपर्यंत फोटो निघाले, आणि सिंधुबाईंच्या मोबाईलच्या स्टेटसवर फार्महाऊस झळकलं : 'आमचे फार्महाऊस आता म्युझियममध्ये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब स्वतः आले. बुद्धघोष शबीनाला घेऊन हजर राहिला. रागवतील, कोणीतरी आपल्या खासगी मालमत्तेची चेष्टा केली म्हणतील, असं त्याला वाटलं होतं. पण आबासाहेबांचा चेहरा फुलला होता.

"सर, तुमी बोलला न्हाय, पर काम केलं. आसं पायजे. मोरं-मोरं न्हाय करायचं, हळूच मागनं मान द्यायचा." मग शबीनाकडे वळून, "पोरी, कवा गेलतीस फार्महाऊसवर?"

"मी कुठं गेले? माळाचा फोटो काढला, त्यात आलं ते," शबीना म्हणाली.

"लई चांगलं आलंय."

इथे बुद्धघोषने गप्प बसायला हवं होतं. पण पंधरा-वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला नको तिथे प्रश्न पडतात.

"आबासाहेब," तो म्हणाला, "पण कळसचा तो माळ तर सगळा फॉरेस्टचा ना?"

आबासाहेबांचा हसरा चेहरा जागच्या जागी थांबला.

"तसा… हाय बी, आन न्हाय बी. आमचं जरा हिकडून हाय. फॉरेस्टचं तिकडून."

"पण चित्रात ते तिकडूनच दिसतंय," शबीना अगदी निरागसपणे म्हणाली. "हद्दीचा दगड अलीकडं आहे. हा बघा, पांढरा. तोसुद्धा काढलाय मी."

आबासाहेबांनी दगड पाहिला. मग त्यांना उद्घाटनाची आठवण झाली. उद्घाटनाला त्यांना मंत्री हवे होते. मंत्र्यांनी तारीख दिली नाही, म्हणून बुद्धघोषच्याच सूचनेवरून दुसऱ्या पाहुण्यांना बोलावलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. प्रमुख पाहुण्या होत्या अंजली खरात, वनखात्याच्या अधिकारी.

"पुसा ते," आबासाहेब म्हणाले.

"काय?"

"समदं. छप्पर, टाकी, धोंडा. आन साडी बी."

पुसणं बोलण्याइतकं सोपं नव्हतं. चित्र तैलरंगातलं आणि काच पक्की बसवलेली. आत जायला मागच्या बाजूला एक छोटं दार होतं, त्यातून रांगत जावं लागे. बुद्धघोष पुढे, शबीना मागे, अशी ती दोघं लांडग्याच्या पोटाखालून सरपटत क्षितिजापर्यंत पोचली. बाहेरून शिपाई गेणबा काचेतून सूचना देत होता, "सर, जरा डावीकडं! सर, अंड्यावर पाय पडंल! सर, तुमी मदी आलाव का लांडगा कुटला ते कळंना."

"इथं झाड काढ एखादं," बुद्धघोष म्हणाला.

"झाड?" शबीनाने ब्रश खाली ठेवला. "सर, तुम्हीच मला तासभर समजावलं होतं, की हे गवताळ माळ आहेत, इथं झाडं नसतात, आणि लोक उगाच झाडं लावून माळाची वाट लावतात म्हणून."

"मी सांगितलं होतं, पण आता परिस्थिती वेगळी आहे."

"माळाची?"

"माझी," बुद्धघोष म्हणाला.

शेवटी झाडाऐवजी झुडपावर तडजोड झाली. बोरीचं झुडूप माळावर शास्त्राला धरून चालतं. शबीनाने झुडूप रंगवलं, पण छप्पर लाल होतं. तो लाल रंग हिरव्यातून वर येऊ लागला. तिने आणखी एक हात दिला, मग आणखी एक. बाहेर येऊन पाहिलं, तर फिक्या, पिवळट, धुरकट क्षितिजावर काळपट हिरव्या रंगाचा एक ठसठशीत ढिगारा बसला होता. आधी शोधावं लागत होतं. आता दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा तेच दिसत होतं.

आबासाहेबांनी ते पाहिलं आणि फर्मावलं, "त्यो लांडगा सरकवा त्याच्या मोरं."

लांडगा सरकवला. पण तो मूळचा चिंकाऱ्याकडे टक लावून पाहणारा लांडगा. त्याला फिरवून उभा केल्यावर तो झुडपाकडे टक लावून पाहू लागला. आता ज्याला झुडूप दिसलं नसतं त्यालाही लांडगा ते दाखवू लागला. मग वरचे दिवे मंद केले. तेव्हा पुढचे प्राणी अंधारात गेले आणि मागचं झुडूप तेवढं उजळून निघालं, कारण तो रंग अजून ओला होता आणि चकाकत होता.

"सर," गेणबा म्हणाला, "आता त्या झुडपापुढं आरती घेऊन हुबं ऱ्हायलं का झालं."

त्याला आबासाहेबांनी बाहेर काढलं. आणि मग त्यांची नजर पाटीवर गेली.

"ही पाटी कुनी लावली? 'दडलेल्या हायत, शोधा' म्हनं! आमंत्रन देताय का फॉरेस्टवाल्यांना?"

"आबासाहेब, ती अंड्यांसाठी…"

"काडा. न्हायतर बदला. त्यांनी शोधायच्या आदी सांगून टाका, काय न्हाय म्हनून."

अध्यक्षांचा शब्द होता. संध्याकाळपर्यंत नवी पाटी तयार झाली. कॉलेजच्या कार्यालयाने ती कार्यालयीन भाषेत करून घेतली आणि शिस्तीत काचेशेजारी लावली : 'या देखाव्यात काहीही दडविण्यात आलेले नाही. – आदेशावरून.'

ती पाटी वाचून बुद्धघोषला पहिल्यांदा आपल्या नोकरीची खरी काळजी वाटली. घरी आई विचारायची, "बाळा, औंदा तरी पर्मनंटचं हुईल न्हवं?" त्याने तिला सांगितलं होतं, म्युझियमचं उद्घाटन झालं की होईलच. आता उद्घाटन झालं की काय होईल, हे त्याला आईला सांगवेना.

उद्घाटनाच्या दिवशी कमान सजली. हलगीवाले आले. अंजली खरात वेळेवर आल्या, त्यामुळे सगळ्यांचीच धांदल उडाली. शेलाट्या, उन्हाने रापलेल्या बाई. त्यांनी फीत कापली, नारळ फोडला आणि भाषणाच्या खुर्चीकडे न जाता थेट काचेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

तिथेच उभ्या राहिल्या.

कॉलेजच्या इतिहासात कुठल्याही पाहुण्याने कुठलीही गोष्ट इतका वेळ पाहिली नव्हती. पाहुणे येतात, 'वा वा' म्हणतात, नाश्त्याला जातात. बाईंनी आधी पाटी वाचली. मग पुन्हा वाचली.

"काहीही दडवलेलं नाही, असं का लिहिलंय?"

"पारदर्शक कारभार हाय, मॅडम," आबासाहेब म्हणाले.

"पण हे काय? टिटवीची अंडी आहेत की गोट्यांत! सुंदर!" त्या गुडघ्यांवर बसल्या. "आणि हे पाडस. आणि कपारीत घोरपड! सर, हे तुमचं काम?"

बुद्धघोषच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच वेळी घामही फुटला, कारण बाईंचं बोट गोट्यांवरून गवताकडे, गवतावरून कपारीकडे, आणि कपारीवरून हळूहळू वर क्षितिजाकडे निघालं होतं.

"हा लांडगा कुठं बघतोय?"

शबीना छताकडे बघू लागली.

"हे झुडूप जरा… बाकीच्या चित्रासारखं नाही वाटत. बोर आहे का?"

"झिझिफस," बुद्धघोष म्हणाला. अडचणीत सापडला की त्याच्या तोंडून लॅटिन येई.

"एवढी मोठी बोर? त्या अंतरावरून बघितली तर ही दोन मजली होईल."

आबासाहेबांना आता गप्प राहवेना. कुठल्याही अडचणीतून बाहेर पडायचा त्यांचा मार्ग एकच होता. समोरच्याला आपल्या घराण्याबद्दल सांगायला लागायचं.

"मॅडम, त्या झुडपात काय हाय? ह्ये हरान बगा की! ह्ये ओरिजिनल हाय. आमच्या आजोबांनी सोता मारलेलं. हितंच, कळसच्या माळावं. एका गोळीत."

खरात बाई हळूच उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी गुडघे झटकले.

"चिंकारा? याचा मालकी दाखला असेल तुमच्याकडं?"

"दाखला? आमचा सातबारा हाय की."

"हरणाचा सातबारा नसतो. वन्यप्राण्याचा अवयव दाखल्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आबासाहेब. अजामीनपात्र."

शेवटचा शब्द आबासाहेबांना नीट ऐकू गेला. त्यांचा आवाज एकदम घरगुती झाला.

"आवं, गंमत केली मॅडम! फायबरचं हाय. सर, सांगा की! मगासपासनं मिठाची गुळणी धरून बसलाय."

"फायबरचं आहे, मॅडम," बुद्धघोष म्हणाला. "कोल्हापूरहून करून आणलंय."

"कशावरून?"

कशावरून ते सिद्ध करायला गेणबाला आत पाठवलं. तो रांगत गेला आणि त्याने चिंकाऱ्याच्या पाठीवर बुक्की मारली. ढपकन पोकळ आवाज आला. बाईंचं समाधान होईना, म्हणून त्याने उत्साहाने कान पिरगाळला, तो हातातच आला. आत पांढरं फायबर होतं. आबासाहेबांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली.

"बगा! खोटं हाय समदं. काय बी खरं न्हाय."

"म्हणजे आजोबांनी मारलेलं…"

"त्ये बी खोटं. आजोबा माळकरी हुते आमचं. मुंगी मारली न्हाय."

सिंधुबाई इतका वेळ पहिल्या रांगेत पदर सावरून बसल्या होत्या. दिवंगत आजेसासऱ्यांचा भर सभेत असा अपमान त्यांना सहन झाला नाही. त्या उठल्या.

"आसं कसं खोटं? मॅडम, आमच्या घरात कुनी खोटं बोलत न्हाय. मामंजींच्या वडलांनी मारलंय हरान. शिंगासकट मुंडकं हाय की, फार्महाऊसवं हालमदी टांगलंय. मी सोता पुसती दर दिवाळीला."

"सिंधू!" आबासाहेब ओरडले.

"कुठलं फार्महाऊस?" खरात बाईंनी विचारलं.

सिंधुबाईंनी काचेकडे बोट केलं.

"ह्ये काय, हितंच हुतं की परवापातुर. त्या झुडपाच्या मागं. फोटू बी हाय माझ्या मोबाईलमदी. दावू का?"

त्यांनी दावला. फोटो स्पष्ट होता. हद्दीचा पांढरा दगडही स्पष्ट होता. खरात बाईंनी फोटो मोठा करून पाहिला, मग शबीनाकडे पाहिलं.

"तुम्ही काढलंय हे? प्रत्यक्ष बघून?"

"जसं दिसलं तसंच," शबीना म्हणाली. "झुडूप सोडून."

त्या दिवशी भाषणं झाली नाहीत, नाश्ता मात्र झाला. खरात बाई चहा न घेता कळसला गेल्या.

पुढचं सगळं सरकारी वेगाने झालं, म्हणजे चिंकाऱ्याचं मुंडकं त्याच दुपारी जप्त झालं आणि बाकीचं बरेच महिने चाललं. मोजणी झाली. फार्महाऊस हद्दीच्या तिकडून निघालं, चांगलं टाकीसकट. मुंडक्याचा खटला उभा राहिला आणि त्याला तारखा पडू लागल्या. त्यात वकिलाने सल्ला दिला की बांधकाम स्वतःहून काढून घेतलंत तर कोर्टात बरं दिसेल. ज्या दिवशी जेसीबीने ते छप्पर खाली आणलं, त्या दिवशी बुद्धघोष दिवसभर कॉलेजात कुणाला तोंड न दाखवता प्रयोगशाळेत बेडकांच्या बरण्या पुसत बसला. आपलं पर्मनंट त्या छपराखालीच गाडलं गेलं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

चार दिवसांनी आबासाहेबांनी बोलावलं. तो राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवत गेला. आबासाहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र होतं. बातमीचा मथळा होता : 'चिंकाऱ्यांसाठी फार्महाऊसचा त्याग.' खाली आबासाहेबांचा जेसीबीसमोर हात जोडलेला फोटो.

"सर, बसा. ह्ये छापून आल्यापासनं रोज फोन येत्यात. सुप्याला पर्यावरणावं बोलायला बोलावलंय, बावड्याला वृक्षमित्र पुरस्कार देत्यात."

"माळावर झाडं नसतात, आबासाहेब."

"त्येच! आसलं काय काय तुमास्नी ठावं असतंय. आमाला भाषनं लिवून द्यायला मानूस पायजे. त्यो बाहेरचा कशाला? तुमची ऑर्डर काडाय सांगितली हाय. पर्मनंट."

बुद्धघोष सत्यवादी माणूस होता, पण घरी आईही होती. त्याने भाषणं लिहिली. 'त्याग' हा शब्द पहिल्यांदा लिहिताना त्याचा हात अडखळला. तिसऱ्या भाषणापासून अडखळायचा थांबला.

देखाव्यातलं झुडूप शबीनाने खरवडून काढलं. खालचं फार्महाऊसही काढलं, कारण आता ते तिथे नव्हतंच आणि तिला घातलेली अट अजून कायम होती. चिंकाऱ्याला नवा कान बसला. लांडगा जागेवर गेला. जुनी पाटी परत लागली. एवढं झाल्यावर एक दिवस आबासाहेब आले, बराच वेळ काचेसमोर रेंगाळले आणि शबीनाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, आमालाबी घे की ह्यात. ज्यांच्यामुळं माळ ऱ्हायला त्यांचं कायतरी नगं का? लई मोठं नगं. कुटंतरी लांब. पर दिसलं पायजे."

शबीनाने बुद्धघोषकडे पाहिलं. बुद्धघोषने बेडकांच्या बरण्यांच्या दिशेने पाहिलं.

तिने आबासाहेबांना पार उतारावर काढलं. ज्वारीच्या दाण्याएवढे. पांढरा शुभ्र सदरा, पांढरं धोतर, मान जरा पुढे, स्थिर उभे. आबासाहेबांना ते फार आवडलं.

त्यानंतरच्या आठवड्यात कळसच्या शाळेच्या मुली सहलीला आल्या. बुद्धघोष त्यांना पाटी वाचून दाखवतोय तोवर मुली काचेला चिकटल्याही. अंडी सापडली, पाडस सापडलं, घोरपड सापडली.

"सर, सर! आनी एक! तिकडं लांब! बगळा!"

बुद्धघोषने तिच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. त्याने शास्त्रीय चूक आजवर कधी सोडली नव्हती.

"शाब्बास," तो म्हणाला. "गायबगळा. माळावर गुरं चरायला आली की त्यांच्या मागं मागं येतो. गुरांच्या पायांनी किडे उडतात ना, ते आयते मिळतात त्याला."

"मग सर, गाय कुटं हाय?"

मुली उत्तरासाठी थांबल्याच नाहीत. सगळ्याजणी नाकं काचेला टेकवून त्या पांढऱ्या ठिपक्याभोवती बारकाईने शोधू लागल्या.

तेवढ्यात सुप्याचे पाहुणे घेऊन आबासाहेब दारात आले. त्या एवढ्या माना एकाच ठिकाणी वळलेल्या पाहून ते थबकले, आणि त्यांनी पाहुण्यांना समाधानाने कोपर टोचलं.

"सापडलो वाटतं," ते म्हणाले.